सुपात पाखडलेली कॅडबरी

आमच्या घरात चॉकलेटला चॉकलेट कुणी म्हणत नसे. कुठल्याही कंपनीचं असो, ती कॅडबरी. ठाण्यात वाढलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. द्रुतगती मार्गावरच्या त्या चौकाचं नावच कॅडबरी जंक्शन आहे आणि रिक्षात बसून नुसतं "कॅडबरी" म्हटलं तरी रिक्षावाला मीटर टाकतो. माझे बाबा तिथल्या कारखान्यात रॅपिंग मशीनवर फिटर होते. दुसरी पाळी करून रात्री घरी आले की त्यांच्या शर्टाला दूध, साखर आणि भाजल्याचा मिळून एक वास यायचा. तो वास धुतल्यावरही जात नसे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही कॅडबरी बनवायचात ना?"

"नाही रे. मी बनलेल्या कॅडबरीला कागद लावणारी मशीन चालू ठेवायचो. बनवायचं खातं वेगळं."

हे उत्तर माझ्या मनातून जाईना. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वितळणं, गोठणं, स्फटिक हे सगळं फळ्यावर शंभरदा काढलंय. पण ज्या वस्तूवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं, ती बीपासून वडीपर्यंत कशी होते हे मी कधी हाताने केलं नव्हतं. म्हणून ठरवलं, की कोकोच्या बिया आणायच्या आणि घरी चॉकलेट करायचं. सोबत ज्या कुटुंबाचं आडनाव आम्ही सामान्यनाम करून टाकलं, त्या कुटुंबाचा इतिहासही वाचायचा. एकाने दुसरं समजेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, पण झालं तसंच.

केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडून तीन किलो सुक्या बिया मागवल्या. पोतं उघडल्यावर पहिला वास आला तो आंबट, जवळजवळ व्हिनेगरसारखा. फोनवर त्यांनी सांगितलं की फळ फोडून पांढऱ्या गरासकट बिया केळीच्या पानांखाली सहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. चॉकलेटची चव तिथेच सुरू होते. आंबवलंच नाही तर पुढे कितीही भाजा, वाटा, ती चव येत नाही.

ओव्हनमध्ये १३० अंशांवर पंचवीस मिनिटं भाजल्या. पंधराव्या मिनिटाला आंबटपणा उडाला आणि स्वयंपाकघरात शर्टाचा तो वास पसरला. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि काही न बोलता दारात येऊन उभे राहिले.

भाजलेल्या बीचं साल काढायचं काम सगळ्यात किचकट. पुस्तकांत पंख्याचे, नळीचे उपाय दिलेत. मी मिक्सरला एक झटका देऊन बिया भरडल्या आणि आईचं सूप काढलं. तांदूळ पाखडतो तसं पाखडलं, तर फोलपट पुढे उडालं आणि गराचे तपकिरी तुकडे मागे राहिले. शंभरातले बारा-पंधरा भाग साल असतं. ते मी तुळशीला आणि गुलाबाला घातलं.

पहिल्या दिवशी वडी वगैरे काही करायची नव्हती. नुसता गर मिक्सरमध्ये वाटला. उष्णतेने त्याचा चिखलासारखा लगदा झाला, कारण त्यात निम्मं तेलच असतं. त्यातला चमचाभर गरम पाण्यात ढवळून साखर घालून प्यायला घेतला. दोन मिनिटांत कपावर तेलाचा जाड तवंग आला आणि खाली गाळ बसला. मी तो पिऊन संपवला, पण पुन्हा प्यावासा वाटला नाही.

कॅडबरी कुटुंबाची गोष्ट नेमकी या कपापासून सुरू होते. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर ९३ नंबरला दुकान टाकलं. शेजारी त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. जॉन चहा, कॉफी, मोहरी विकायचा आणि कोको खलबत्त्यात कुटून द्यायचा. हे लोक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. त्या काळी क्वेकरांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, त्यामुळे वकिली वगैरे वाटा बंद होत्या आणि हुशार मुलं व्यापारात उतरत. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउनट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी, कोकोवाली ही तिन्ही घराणी एकाच पंथातली. दारू त्यांना निषिद्ध. गिरणीत राबणाऱ्या माणसाने दारूऐवजी काहीतरी गरम, पोटाला आधार देणारं प्यावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती.

पण तवंगाचं काय करायचं? तेव्हाचा सरसकट उपाय म्हणजे तेल शोषून घेईल असं काहीतरी त्यात मिसळायचं. बटाट्याचा स्टार्च, साबुदाण्याचं पीठ, काकवी. जॉनचा मुलगा जॉर्ज याने पुढे स्वतःच सांगून ठेवलंय की त्यांच्या पेयात खरा कोको फक्त एक पंचमांश असायचा. मी त्याच रात्री माझ्या लगद्यात भाजलेलं बटाट्याचं पीठ घालून पाहिलं. तवंग गेला. चव पिठूळ आणि गुळचट झाली, पण पिता आलं. त्या दुकानदारांनी असं का केलं असेल ते तो कप पिऊन मला जेवढं कळलं, तेवढं वाचून कळलं नव्हतं.

१८६१ साली जॉनने धंदा मुलांच्या हाती दिला. पत्नी कँडिया क्षयाने गेली होती, तो स्वतः खचला होता, कारखान्यात जेमतेम अकरा माणसं उरली होती. रिचर्ड पंचविशीचा, जॉर्ज एकविशीचा. आईकडून प्रत्येकी चार हजार पौंड वारशाने आले होते. ते दोघांनी धंद्यात घातले आणि पहिली वर्षं ते संपतच गेले. रिचर्डने भूमापक व्हायचं आणि जॉर्जने हिंदुस्थानात येऊन चहाचा मळा करायचा, असंही ठरलं होतं. १८६४ च्या सुमारास पहिल्यांदा थोडा नफा दिसला म्हणून ते राहिलं. नाहीतर हिमालयाच्या पायथ्याशी कुठेतरी कॅडबरींचा चहा पिकला असता आणि आमच्या जंक्शनचं नाव वेगळं असतं.

मग जॉर्ज हॉलंडला गेला. डच भाषेचा एक शब्द येत नसताना शब्दकोश घेऊन गेला आणि व्हॅन हॉउटेन या डच कोकोवाल्याचं दाबयंत्र विकत घेऊन आला. लगदा दाबून त्यातलं बरंचसं तेल काढून टाकायचं. तेल काढल्यावर शोषायला पीठ कशाला हवं? १८६६ साली त्यांचा "कोको इसेन्स" बाजारात आला आणि त्यावर "पूर्णपणे शुद्ध, म्हणून सर्वोत्तम" अशी जाहिरात झळकली. डॉक्टरांना नमुने पाठवले. अन्नातल्या भेसळीविरुद्ध १८७२ आणि १८७५ साली कायदे आले, तेव्हा शुद्ध माल आधीच हातात असलेलं हे घराणं पुढे निघून गेलं. शिवाय दाबून निघालेलं कोको बटर शिल्लक राहू लागलं, आणि तेच साखर आणि कोकोत घालून खायचं चॉकलेट करता येतं. प्यायच्या कोकोतून खायची वडी अशी निघाली.

मी कोको बटर घरी काढायचा प्रयत्न केला. गरम लगदा फडक्यात बांधून पाटा ठेवला, त्यावर तेलाचे डबे. सकाळी वाटीत दोन चमचे पिवळं बटर होतं. मग पुढच्या खेपेला विकतच आणलं.

दुसऱ्या खेपेला मिक्सर सोडून इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर लावला. जगभरातले घरगुती चॉकलेटवाले आज याच कोइम्बतूरच्या ग्राइंडरवर काम करतात हे कळल्यावर मला फार आनंद झाला. गर, साखर आणि थोडं कोको बटर घालून छत्तीस तास चालवला. दर काही तासांनी चमचा बुडवून जिभेवर ठेवायचा. पहिल्या सहा तासांत रवा. वीस तासांत बारीक वाळू. तिसाव्या तासानंतर जिभेला कण लागेना. शेजारच्या काकूंना रात्रभराच्या घरघरीचं आधी सांगून ठेवलं होतं.

वड्या पाडल्या आणि सकाळी बघते तर त्यांवर राखेसारखे पांढरे डाग. बुरशी नव्हे, वर आलेली चरबी. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यातला एकच प्रकार आपल्याला हवा असतो. तो तुकडा टक्‌कन मोडतो, चमकतो, आणि चौतिसेक अंशांना, म्हणजे तोंडातच विरघळतो. त्यासाठी ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत २७ वर आणायचं आणि पुन्हा ३१ पर्यंत नेऊन साच्यात ओतायचं. बहुरूपता हा धडा मी मुलांना शिकवते. स्वतःच्या ताटात तो पांढरा होऊन उमटलेला बघणं वेगळं. मे महिन्यात ठाण्यात ३१ अंश राखणं अवघड, म्हणून मी पहाटे चारला उठून ते केलं.

त्याच मेमध्ये लेकीला भेटायला बर्मिंगहॅमला गेले. ती तिथे शिकते. तिच्याबरोबर बोर्नव्हिलला गेले. स्टेशनच जांभळं रंगवलेलं. एका बाजूला रूळ, लगेच कालवा आणि पलीकडे विटांनी बांधलेला कॅडबरींचा कारखाना. दोघा भावांनी १८७८ साली शहराबाहेर इथे साडेचौदा एकर घेतले आणि पुढच्याच वर्षी कारखाना हलवला. शहराच्या धुरात खाण्याची वस्तू करायची नाही आणि माणसांनाही त्यात ठेवायचं नाही, हा विचार. कारखान्यासमोर क्रिकेटचं मैदान आहे. तिथे उभी राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते कितीतरी वेळ नुसतं मैदान बघत राहिले. "गेट कुठंय?" एवढंच विचारलं त्यांनी. मी चालत जाऊन गेट दाखवलं.

रिचर्ड १८९९ साली जेरुसलेमला गेला असताना घटसर्पाने वारला. जॉर्जने त्याआधीच आजूबाजूची जमीन घेऊन घरं बांधायला सुरुवात केली होती. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडं. १९०० साली ती सगळी, तीनशेहून अधिक घरं आणि तीनशे तीस एकर, त्याने एका न्यासाला देऊन टाकली. स्वतःच्या मुलांना ठेवली नाहीत. गावात दारूचा गुत्ता आजही नाही. हिरवळीवर क्वेकरांचं सभागृह आहे, आत ना वेदी ना मूर्ती, नुसती बाकं. लोक येऊन गप्प बसतात, तीच प्रार्थना. मी अर्धा तास बसले. जवळच सेली ओकमध्ये जॉर्जचं जुनं घर वुडब्रुक आहे, तेही त्याने पंथाच्या अभ्यासकेंद्राला दिलं. गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी १९३१ च्या ऑक्टोबरात तिथे उतरले होते.

परत आल्यावर दुधाच्या चॉकलेटला हात घातला आणि इथे सगळ्यात जास्त शिकले. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दूध ओतलं, तर क्षणात त्याचा कोरडा, खडबडीत गोळा झाला. बाबा मागूनच म्हणाले, "पाण्याचा थेंब लागला की माल गेला. आमच्याकडे हात कोरडे करून मगच पुढे जाऊ द्यायचे." दुधात पाणीच तर असतं. मग दूध पावडर घातली. चॉकलेट झालं, पण चव सपाट. १८९७ साली कॅडबरींनी केलेलं पहिलं दुधाचं चॉकलेटही असंच पावडरीचं होतं आणि फारसं चाललं नाही. स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने १८७५ सालीच दुधाचं चॉकलेट जमवलं होतं आणि स्विस माल इंग्लंडचा बाजार खात होता.

मार्ग सापडला तो ताज्या दुधात. दूध साखरेबरोबर आटवायचं, त्यात कोकोचा लगदा घालायचा आणि ते मिश्रण उष्णतेवर पार कोरडं करायचं. भुसभुशीत तपकिरी ढेकळं होतात, त्यांना इंग्रज क्रम्ब म्हणतात. हे वाचताना मी पुस्तक मिटलं. हा तर खवा! कंदी पेढ्यासाठी खवा भाजतात, त्यातच कोको. दूध आणि साखर एकत्र तापून जो खमंग, किंचित जळका गोडवा येतो, तीच डेअरी मिल्कची चव आहे, आणि ती पावडरीने येत नाही ती याचमुळे. लहानपणी बाबांच्या शर्टाला येणारा वास मला साताऱ्याच्या पेढ्याच्या दुकानात का आठवायचा, ते मला पन्नाशीत कळलं.

दोन लिटर म्हशीचं दूध, तीनशे ग्रॅम साखर. कढईत दोन तास ढवळलं. घट्ट झाल्यावर लगदा घातला, परतलं, ताटात पसरून ओव्हनमध्ये ७० अंशांवर रात्रभर वाळवलं. सकाळी ढेकळं बोटांत चुरली की चुरा होत होता. मग तो चुरा आणि कोको बटर ग्राइंडरमध्ये, दोन दिवस. डेअरी मिल्क १९०५ साली बाजारात आलं. पुढे १९११ साली स्टॅफर्डशरमध्ये नाइटनला, दूध जिथे होतं तिथेच, दुधाचा कारखाना उभा राहिला आणि तिथला माल कालव्यातून होड्यांनी बोर्नव्हिलला यायचा. मी पाहिलेला तोच कालवा. दर अर्ध्या पौंडात दीड ग्लास दूध, ही जाहिरात १९२८ ची.

त्या दोन दिवसांत ग्राइंडरजवळ बसून मी साओ तोमेबद्दल वाचलं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेली ही बेटं. कॅडबरींचा बराचसा कोको तिथून यायचा. १९०१ साली रिचर्डचा मुलगा विल्यम कॅडबरी याच्या हाती तिथला एक मळा विकायची जाहिरात पडली. त्यात मालमत्तेच्या यादीत मजूरही होते. अंगोलातून धरून आणलेली माणसं, कागदावर पाच वर्षांचा करार, परत कुणी जात नसे. विल्यमने चौकशी सुरू केली. पोर्तुगीज सरकारने सुधारणेचं आश्वासन दिलं. जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला १९०५ साली पाहणीला पाठवलं, त्याचा अहवाल आला, विल्यम स्वतः १९०८ साली जाऊन आला. खरेदी थांबली ती मार्च १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं बिया येत राहिल्या. "स्टँडर्ड" नावाच्या वर्तमानपत्राने त्यांना ढोंगी म्हटलं. कॅडबरींनी दावा लावला, बर्मिंगहॅमच्या न्यायालयात जिंकला, आणि ज्यूरींनी भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

मी बराच वेळ तिथेच थांबले. हे लोक खोटे नव्हते. चौकशीला पैसे त्यांनी घातले, माणूस त्यांनी पाठवला, शेवटी इतर क्वेकर घराण्यांना बरोबर घेऊन बहिष्कार त्यांनीच टाकला आणि खरेदी गोल्ड कोस्टकडे, आजच्या घानाकडे, वळवली. पण बटाट्याचं पीठ काढून टाकायला ज्यांनी वारसा पणाला लावला, त्यांनी बीमागचा माणूस आठ वर्षं थांबवून ठेवला. त्या माणसाची आठ वर्षं मोजायला कुणी गेलं नाही. मला ते माफ करता येत नाही, आणि बोर्नव्हिलची ती बाग खोटी होती असंही म्हणता येत नाही.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू ह्या बिया काय भावाने घेतल्यास?"

२०२४ च्या उन्हाळ्यात केरळात सुक्या बियांचा भाव किलोला हजाराच्या घरात गेला होता, नंतर उतरला. मी उतरल्यावर घेतल्या होत्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होऊन. भाव सांगितला. ते म्हणाले, "आणि तोडायला, वाळवायला बायांना काय देतो तो?" मला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी इडुक्कीला फोन केला. त्या गृहस्थांनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. फळं फोडायला घरचेच चौघं, वाळवायला दोन शेजारणी, रोज किती, जेवण कोणाचं, पावसात माल काळा पडला तर तोटा कोण सोसतं. मी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या पोत्याला त्यांनी भाव वाढवून मागितला, मी दिला.

कंपनी कुटुंबाच्या हातून हळूहळू सुटली. १९१९ साली फ्राय त्यांच्यात आले, १९६९ साली श्वेप्स या शीतपेयांच्या कंपनीशी जोडणी झाली, २०१० साली क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने कॅडबरी विकत घेतली. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला आईने नंतर सांगितलं.

चौथ्या खेपेच्या दुधाच्या वड्या पहाटे साच्यातून काढल्या. चमकत होत्या. बाबांनी एक उचलली, कानाजवळ नेली आणि मोडली. टक्‌. अर्धी तोंडात ठेवून डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "फॉइल आहे का घरात?"

पोळीच्या डब्यातला रोल दिला. त्यांनी कात्रीने चौकोन कापला, वडी मधोमध ठेवली, बोटं थोडी थरथरत होती. आधी लांब बाजू, त्यावर दुसरी, मग दोन्ही टोकं आत दुमडून खाली वळवली आणि अंगठ्याने घडीवरून एकदा दाब दिला. कोपरे काटकोनात बसले.

"मशीन असं घालायचं," ते म्हणाले, "मिनिटाला शेकड्यांनी. दुसरी दे."